पाच तुकड्यांतला खून

ईस्टरच्या आठवड्यात आमच्याकडे खून होतो.
दरवर्षी. डोंगरावरच्या लाकडी केबिनमध्ये,
खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ चढलेला असताना,
संत्र्यांची करंडी चुलीपासून लांब ठेवून.
नॉर्वेत हे पुष्कळ घरांत चालतं,
त्यामुळे कुणी पोलिसांना बोलावत नाही.

पुस्तक एकच, माणसं पाच.
पहिल्या वर्षी हालवोर ते घेऊन संडासात बसला,
आणि संडास बाहेर, बर्फातून चाळीस पावलांवर.
तासाभराने परतला तेव्हा ओठ निळे,
पण चेहऱ्यावर सगळं कळल्याचा माज.

दुसऱ्या वर्षी आयलिफमामाने पावाची सुरी घेतली
आणि पुस्तकाच्या कण्यावरून शांतपणे फिरवली.
पाच भाग. तोरब्योर्गआत्या किंचाळलीच,
तिने सारा जन्म ग्रंथालयात काढलेला.
"असाच करायचा असतो," मामा म्हणाला,
"जेवणाआधी, आणि हात धुऊन."

तेव्हापासून भाग हातोहात सरकतात.
वाचून झाला की शेजारी द्यायचा
आणि तोंडाला कुलूप.
आत्या सगळ्यात जलद, म्हणून ती पुढे.
मग मी, मग आसलाउग, मग हालवोर.
मामा बोट ठेवून वाचायचा, ओठ हलवत,
म्हणून रांगेत शेवटचा.

दुपारी तीनला, एकाच दिव्याखाली,
आत्याच्या हातात दिवाणखान्यात सगळ्यांना बसवलेलं आहे,
माझ्याकडे मृत्युपत्र खोटं निघालंय,
आसलाउगकडे इन्स्पेक्टर चुकीच्या माणसाला घेऊन गेलाय,
हालवोरकडे मोलकरीण ट्रे घेऊन जिना चढते आहे
आणि अजून किंचाळलेली नाही.

आणि मामाकडे
म्हातारा कर्नल बागेत गुलाब छाटतोय.
"हा माणूस मला आवडला," मामा वर न बघता म्हणायचा.
"ह्याला काही होऊ नये."

आम्ही चौघं कॉफीच्या कपात बघायचो.
आसलाउगला खोकला यायचा.
चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं
बाहेर बर्फावर खरंच चांदणं पडेपर्यंत
कुणी कुणाकडे बघत नसे.

तर्क मात्र सगळे करायचे.
पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने नावं लिहायची,
आडवा हात धरून, परीक्षेत धरतात तसा.
मामाचा तर्क दरवर्षी तोच: डॉक्टर.
डॉक्टर नसला तरी डॉक्टर.
एका वर्षी गोष्टीत डॉक्टरच नव्हता,
मामाने घोड्यांचा डॉक्टर शोधून काढला, एका वाक्यातला.

गेल्या नोव्हेंबरात त्याच्या उशाशी खरेच डॉक्टर होते.
तीन. सगळे निर्दोष.

ह्या वर्षी सुरी मी घेतली.
कणा तुटताना गोंद सुकल्यासारखा आवाज झाला,
आत्याने डोळे मिटले, सवयीने.
मामाच्या खुर्चीवर कुणी बसावं, हे कुणी बोललं नाही.
छपरावरून थेंब पडत होते,
कुठेतरी पाणी मुरत होतं.

मग हालवोरची सुन्निवा, वय अकरा,
यंदा पहिल्यांदाच परवानगी मिळालेली,
लोकरी मोजे वर ओढत त्या खुर्चीत चढली.
हळू वाचते. तिचेही ओठ हलतात.
संत्र्याची फोड गालात तशीच धरून
तिने एक पान उलटलं, परत मागे गेली,
काहीतरी पुन्हा वाचलं आणि हसली.

"ही स्वयंपाकीणबाई किती गमतीशीर आहे," म्हणाली.
"शेवटपर्यंत असेल ना?"

आत्याच्या हातात शेवटचा भाग होता.
तिने तो मांडीवर पालथा ठेवला,
चष्मा काढून पदार्थ तपासावा तसा पुसला,
आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा
नियम मोडला.

"डॉक्टरवर लक्ष ठेव," म्हणाली.

गोष्टीत डॉक्टर नव्हता.
सुन्निवाने पेन्सिल मागितली.