रात्रींचा तक्ता

अर्जाच्या दुसऱ्या पानावर चौकट आहे:
आधीच्या तडजोडीनंतर परिस्थितीत कोणता ठळक बदल झाला?
खाली तीन ओळी. तीनच.

पहिली सोपी होती.
डुलुथच्या गोदीवर काम तीन दिवसांवर आलं,
लोहखनिजाची जहाजं निम्मी झाली,
ओव्हरटाइम बंद.

चार वर्षांपूर्वी
दातांच्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत
लिंडक्विस्टबाईंनी पाण्याचा जग मध्ये ठेवला होता.
खालून ड्रिलचा आवाज.
क्रिस्टी आणि मी, दोन डोळे शेजारी.
बाईंनी एक आकडा सांगितला,
मी त्याहून मोठा सांगितला.
कुणी मागितला नव्हता.
नक्की ना, त्यांनी चष्म्यावरून विचारलं.
नक्की, म्हणालो,
जसा एखादा सगळ्या टेबलाचं बिल ओढून घेतो
आणि पाकीट घरी राहिलंय हे त्याला काउंटरवर आठवतं.

दुसऱ्या ओळीला तक्ता जोडायचा:
मूल वर्षात किती रात्री तुमच्याकडे झोपतं.
रात्री जास्त, रक्कम कमी.
वकिलाकडचा पोरगा म्हणाला, इथेच तुमची सुटका आहे.

फ्रिजवरचं कॅलेंडर काढून बसलो.
निळ्या पेनाने हेल्मीच्या रात्री.
वादळात पूल बंद झाला ती.
आईशी भांडून, खांद्यावर स्केट्स टाकून
अकरा वाजता दारात उभी राहिली ती.
तेरा तारीख, तापाची; उशाशी बादली,
कुणीच झोपलं नाही.
झोपलं नाही तर मोजायची का?
पाकिटाच्या मागे भागाकार केला:
एका रात्रीचे अकरा डॉलर चाळीस सेंट.

हेल्मी दूध घ्यायला आली, वाकून बघितलं.
"शनिवार विसरलास," म्हणाली,
आणि माझ्या हातातलं पेन घेऊन
स्वतःच खूण केली. ठळक.

बुधवारी स्केटिंग रिंकबाहेर
क्रिस्टीच्या गाडीत, पुढच्या सीटवर, मी अर्ज दिला.
इंजिन चालू होतं. तिने हातमोजा दातांनी काढला,
पहिली ओळ वाचली, मान हलवली.
तक्ता बराच वेळ वाचला.
"ताप बाराला होता," ती म्हणाली.
"पहाटे चारपर्यंत मी फोनवर होते.
ही कुणाच्या खात्यात घालणार?"

काचेवर आमच्याच श्वासाची वाफ.
मी ती बाहीने पुसली. उगाच.

मग तिने तक्ता घडी घालून
हातमोज्यांच्या कप्प्यात ठेवला.
"गोदीचं कारण पुरे आहे.
एप्रिलात जहाजं येईपर्यंत कमी दे.
पण बाईंकडे जाऊन लिहून घेऊ.
तोंडी नको. तोंडी दिलेल्या शब्दांचं
आपल्यात काय होतं, आठवतंय ना."
आठवत होतं.
"आणि दातांना तारा बसवायच्यात तिच्या,
तेही त्याच कागदावर."
बरं, म्हणालो. या वेळी
आकडा मी सांगितला नाही.

तिसरी ओळ तशीच कोरी राहिली.
काचेवर टकटक झाली, ओल्या लोकरी मुठीची.
हेल्मीने दोन्ही गाड्यांकडे पाहिलं,
मला या गाडीत पाहिलं,
काही विचारलं नाही.
मागचं दार उघडून
स्केट्ससकट आत सरकली,
बर्फ सगळा सीटवर,
आणि म्हणाली,
"कुणीतरी वाढवा ना.
हीटर."