पेन्सिलीचे शेरे

कुलाश आपा पुस्तक परत करायला आली
की मी खोडरबर काढून ठेवतो.

"सातशे पानं, तीन चंद्र, राजघराण्यांची मारामारी,
आणि घोडा एकदाही लीद टाकत नाही.
लेखकाने घोडा लांबूनच पाहिला असावा."

"ड्रॅगन बरा. पण तो खातो काय
ते म्हणे चौथ्या भागात कळणार.
मला एकाहत्तरावं लागलंय."

मंगळावरच्या वसाहतीची ती गाजलेली:
"सगळेच हुशार. भांडी कोण घासतं?"
हा शेरा मी खोडला नाही.

यंदा एक बारकंसं पुस्तक तिने चार महिने ठेवलं.
त्यात यान वर निघून जातं
आणि गोष्ट खालीच राहते, माळावर,
गळून पडलेल्या टाकीपाशी.

झेझकाझगानबाहेर तिच्या मेंढ्यांचं छप्पर
तसल्याच पत्र्याचं. नवऱ्याने
ट्रॅक्टरला बांधून फरफटत आणलेला;
अर्धा आकडा अजून वाचता येतो,
गारा पडल्या की मेंढ्या बिथरतात.

पान न् पान चाळलं मी. शेरा नाही.
एकशे बाराव्या पानात लोकरीचा धागा,
मळकट.

दंडाचे पैसे तिने मोजून टेबलावर ठेवले.
म्हणाली, "पावती नको.
या बाईचं दुसरं काही आलंय का?"