बुधवार, शनिवार

भूतरामनहट्टीच्या माळावर
हात केल्याशिवाय बस थांबत नाही.
बुधवारी आणि शनिवारी मी हात करते.
कंडक्टर आधार बघतो,
शून्य रुपयांचं तिकीट फाडतो.
यमकनमर्डी, संकेश्वर, झोप,
आणि काचेच्या फटीतून तंबाखूचा वास आला
की समजायचं, निपाणी.

पिशवीत पाण्याची बाटली, फिल्डवर्कची वही,
बेचाळीस प्रश्नांची अनुसूची.
प्रश्न इंग्रजीत छापलेले,
विचारायचे मराठीत,
तालुक्याच्या ऑफिसात द्यायचे कन्नडात.
मी जांबोटीकडची. कन्नड वाचते,
पण बोट ठेवून.

मावशी म्हणायचं नाही, असं हिरेमठ मॅडमनी सांगितलंय.
क्लायंट म्हणायचं.
अंतर राखलं की मदत नीट होते.

क्लायंटचं नाव चांगुणा भोपळे.
‘चांगलं’ मधला च.
कन्नड फॉर्मवर तो चहातला होतो.
मी दोनदा खोडून बघितला,
त्या लिपीला दुसरा च नाही.
‘राहू दे,’ ती म्हणाली, ‘हाक मारल्यावर उठते न्हवं मी.’

तिच्या मांडीवर सूप. सुपात पानं, जर्दा, कात्री, दोऱ्याचं रीळ.
प्रश्न सतरा: कामाचे तास किती?
ती उत्तर विड्यांत देते.
हजार झाल्या की दिवस संपला,
छाट काढल्यावर उरतील त्या खऱ्या.
रकान्यात फक्त आकडा मावतो. मी आठ लिहिते.
मग दहा. मग रकाना मोकळा ठेवते.

रेशनच्या मशीनला तिचा अंगठा ओळखू येत नाही.
तीस वर्षं पान वळवून वळवून
रेषा गेल्या.
लिंबू चोळलं, खोबरेल लावलं, पदराला पुसलं.
दुकानदार म्हणाला, नेटवर्क.
पुढच्या शनिवारी मी तिच्या मुलाचा मोबाईल नंबर जोडून दिला,
चार आकडे आले, तांदूळ आले.
त्या रात्री वहीत लिहिलं:
हस्तक्षेप यशस्वी.
मॅडमनी लाल शाईनं
यशस्वी या शब्दाखाली रेघ ओढली
आणि समासात एवढंच विचारलं, कोणाचा?

चौथ्या की पाचव्या भेटीत
तिनंच मला प्रश्न घातला.
‘तुला पगार किती मिळतंय?’
मिळत नाही, मावशी. शिकतेय अजून.
(मावशी गेलं तोंडातून.)
‘मंजे माझ्यावर शिकालीस.’
कात्री चालूच होती.
‘मग नीट शीक.’

नोट्समध्ये ‘समारोप’ असा एक धडा आहे.
तीन आठवडे आधी कल्पना द्यावी.
भावना व्यक्त करू द्याव्यात, स्वतःच्याही ओळखाव्यात.
मी बसमध्ये वाक्य पाठ करत गेले,
संकेश्वरपर्यंत मराठीत,
पुढं उगीचच कन्नडात.
उंबऱ्यावर बसून बोलले.
तिनं मान वर केली नाही.
‘मागल्या वर्साची पोरगीबी असंच बोल्ली.
चष्मा होता तिला. निपाणीत नोकरी बघते म्हणाली.
बस, दोरा धर.’
मी दोरा धरला.
पंचवीस पंचवीस विड्यांच्या किती जुड्या झाल्या
ते मोजलं नाही,
अनुसूचीत तसा प्रश्नच नव्हता.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी
समानुभूतीची व्याख्या विचारली.
मी न अडखळता सांगितली.
एकही शब्द चुकला नाही,
आणि बाहेर आल्यावर
बोटांना जर्द्याचा वास येतोय का
ते हुंगून पाहिलं.
साबणाचा येत होता.

हॉस्टेलच्या दारावर नवीन मशीन बसवलंय.
मुली रांगेत, हातात जेवणाची ताटं.
मी अंगठा ठेवते.
पहिल्याच खेपेला हिरवा दिवा लागतो,
आणि आतली बाई म्हणते
धन्यवादगळु.