तोंडात घास

उद्यमनगरात आमच्या शेडच्या भिंतीवर
अजून टांगलेले आहेत वडिलांचे पॅटर्न:
पंपाची कवचं, पुल्या, ऑइल इंजिनाचं एक झाकण,
सगळे सागवानी, सगळे मापापेक्षा थोडे मोठे.
ओतलेलं बीड थंड होताना आकसतं,
म्हणून त्यांच्या पट्टीवरचा इंच
बाजारातल्या इंचापेक्षा जरा लांब.
"जास्तीचं ठेवावं. लोखंड आपलं आपण
खाऊन घेतंय," म्हणायचे.

त्याच बाकावर मी उलटा धंदा करतो.
स्प्रूसची फळी, मधोमध सांधलेली,
रंध्यानं, मग खरवडीनं
कमी करत जातो.
अडीच मिलिमीटर. सव्वादोन. दोन पॉइंट एक.
कडेला आणखी खाली,
जिथं कॅलिपरच्या आधी अंगठ्याला कळतं
की आता थांब.

पहिल्या गिटारला थांबायची घाई केली.
भीतीच होती ती, मी तिला मजबुती म्हणायचो.
आतून सात पट्ट्या पंख्यासारख्या लावल्या,
प्रत्येक सहा मिलिमीटर उंच,
छपराला चालतील अशा.
जयसिंगपूरच्या इरावती मगदूमनं वाजवली,
मांडीवर आडवी ठेवली, आणि म्हणाली,
"गोड आहे हो. पण मला तिखट पाहिजे.
बोट उचललं की सूर मेला पाहिजे,
नाहीतर पुढचा ठोका त्यात बुडतो."

कोल्हापुरात राहून
तिखट म्हणजे काय, असं विचारायची
मला लाज वाटली.

दुसरीला सूड उगवल्यासारखा तासत गेलो.
एक पॉइंट सहा. पाचच पट्ट्या, बारीक.
आठ दिवस अशी बोलली
की शेजारचा लेथवाला मशीन बंद करून यायचा.
नवव्या दिवशी घोडीच्या पुढं फळी खचली,
मळलेल्या कणकेत कुणी अंगठा दाबावा तशी.
ती आता भिंतीवर आहे, पुल्यांच्या शेजारी.

तिसरीची फळी घेऊन मी सदू आवळ्यांकडे गेलो.
कुस्तीच्या मैदानात चाळीस वर्षं हलगी.
घरासमोर गोवऱ्यांच्या आरावर कातडं तापवत बसलेले.
फळी चिमटीत धरली, कानापाशी नेली,
मधल्या बोटाच्या पेरानं एकदाच ठोकली.
"बोलतीया," म्हणाले. "पर तोंडात घास हाय."
"कुठं?"
पाठीमागच्या पट्ट्या त्यांनी पाहिल्यासुद्धा नाहीत.
अंगठा ठेवला, बारक्या तारांच्या बाजूला,
कडेपासून चार बोटं आत.
"हितं."

मी तिथली पट्टी टोकाकडे उतरवत नेली,
तीन, दोन, एक, शेवटी
पट्टी कुठं संपली आणि फळी कुठं सुरू झाली
हे नखालाही लागेना.
मग वाट पाहिली.
ओल्या हवेत पाठ चिकटवली तर
मार्गशीर्षात फळी तडकते,
म्हणून श्रावण, भादवा, अर्धा आश्विन
ती कपाटात बल्बच्या उबेला ठेवली,
आणि मी लोकांची टेबलं दुरुस्त केली.

वडिलांचे कान फौंड्रीनं कधीच नेले.
तारा चढल्यावर त्यांनी तळवा फळीवर ठेवला,
मी खालच्या तारेवर अंगठा मारला.
हात काढला नाही बराच वेळ.
"जास्तीचं किती ठेवलंस?"
"काहीच नाही," मी ओठ मोठे करून सांगितलं.
ते बघत राहिले माझ्याकडे,
मग म्हणाले, "कॅलिपर आण."
आणि भोकातून बोटं घालून
स्वतः मोजून पाहिलं, जिथवर हात पोचला तिथवर.

इरावती आली दिवाळीनंतर.
शेडच्या दारात, उलट्या घातलेल्या डब्यावर बसून वाजवली.
नखं फळीवर आपटली, सूर उठले
आणि जागच्या जागी विझले,
ठिणग्या पाण्यात पडाव्या तसे.
तिनं काही म्हटलं नाही, परतही दिली नाही.

सदू रस्त्याच्या पलीकडं चहाचा ग्लास घेऊन उभे होते.
"गिळला घास," तिथूनच ओरडले,
"पर तिसरी तार
अजून जेवतीया."