चीक

बुधवारी चित्रकला. संध्याकाळी साडेसातला,
कारण त्याआधी बापांचे फोन केळीच्या बागेत असतात.
मी भुसावळला, ओट्यापाशी,
लोणच्याच्या बरणीला टेकवलेला मोबाईल,
आणि पलीकडे रावेरकडची तिसरीची अकरा पोरं,
म्हणजे अकरा चौकोन;
त्यातल्या चारांत नुसतं छत.

म्हटलं, आज झाड काढू या. हिरवा घ्या.
हिरवा कुणाकडेच नाही.
खडूच्या पेट्या शाळेच्या कपाटात,
कपाटाची किल्ली मोठ्या सरांकडे,
मोठे सर अमळनेरला.
मग म्हटलं, घरात जे असेल ते घ्या.
(परिपत्रकात असं काही नव्हतं.)

हितांशूने हळद आणली, सांडली.
बारेल्यांच्या जुळ्यांनी चुलीतला एकच कोळसा
दोघांत ओढला; आवाज बंद होता,
त्यामुळे ती मारामारी फार सुंदर दिसली.

शबनूर तडवीने कागद धरला. कोरा.
नेट गेलं, आलं. कोराच.
"काढलंय मॅडम."
"कुठे गं?"
"आता नई दिसत. सुकू द्या."
मागे तिची आई डोक्यावरची चुंबळ उतरवत होती,
हसली असावी,
चित्र तेवढ्यात अडकलं.

मी तक्त्यात लिहिलं: कृती अपूर्ण.
तारीख टाकली. सही केली.

शनिवारी फोटो आला.
केळीचा चीक:
लागताना पाण्यासारखा, बिनरंगी,
आणि मग कुठल्याच साबणाला न जुमानणारा.
तपकिरी रेघा तीन दिवसांनी वर आल्या होत्या.
झाड नव्हतंच.
बाई होती, डोक्यावर घड,
मान घडापेक्षा जाड,
एक हात कागदाबाहेर गेलेला.
खाली कोपऱ्यात छोटा चौकोन,
त्यात चष्मा, मागे सिलिंडर.
म्हणजे मी.
माझ्याकडे बघत नव्हतं कुणी, असं मला वाटायचं.

तक्त्यातली ओळ निळ्या शाईची.
खोडली. खोडलेली दिसतेच.

पुढच्या बुधवारी प्रत्येक कोऱ्या कागदाला
मी गंभीरपणे विचारलं,
"कधी पाहू?"

"उद्या," एक म्हणाली.
"सोमवारी."
हितांशू, ज्याने खरंच काही काढलं नव्हतं,
जरा थांबला, छताकडे बघून म्हणाला,
"दिवाळीनंतर, मॅडम."

तेही लिहून ठेवलंय.
पेन्सिलने.