एकवीस पत्ते

सोमवारी साडेदहाला फोन : चारही कॉम्प्युटर आंधळे,
पासबुकं रांगेत, आणि मॅनेजर गावडे
आवाज खाली ठेवून रागावलेले.
बेळगावहून खानापूर, मोटरसायकलवर पाऊण तास.
कौल-कारागीर पतसंस्थेत आधी चहा, मग काम;
नियम आहे तिथला.

पहिल्यांदा वायर. नेहमी वायरच असते.
इराप्पा टेबलाखालून म्हणाला, लाइट ऐत्री, हिरवी ऐत्री.
मीही वाकून बघितलं. हिरवी.
स्विच बंद, दहा आकडे, पुन्हा चालू :
जो मंत्र आम्ही सगळेच म्हणतो
आणि ज्याचे पैसे घेतो.
काही नाही.

स्क्रीनवर एकशे एकोणसत्तर, दोनशे चौपन्न, पुढे काहीबाही.
हा पत्ता कुणी दिलेला नसतो.
यंत्र हाक मारतं : नवा आहे, जागा देईल का कोणी?
हाक सगळ्यांना जाते, प्रिंटरलासुद्धा,
कारण विचारायचं कुणाला हेच त्याला ठाऊक नसतं.
थांबतं. पुन्हा हाक. पुन्हा.
मग आपणच एक नंबर ठरवून
दाराशी बसून राहतं.

खिडकीतून सुगंधा हलगेकर रांगेला समजावत होत्या,
थांबा की जरा, उठंना झालंय ते, स्वल्प तडीरी.

शेवटी माझ्या लॅपटॉपला हातानंच पत्ता दिला, पन्नास,
आणि राऊटरच्या घरात शिरलो.
शिरताच कळलं चोर कोण ते.

शनिवारी विजेनं जुना राऊटर गेला.
नवा मीच बसवला, घाईत :
शंभर ते एकशे वीस. चार कॉम्प्युटरना एकवीस पत्ते, रग्गड.
मुदत तीस दिवस. रोज रोज कशाला विचारत बसायचं.
आणि रविवारी होती वार्षिक सभा.
वाय-फायचा पासवर्ड फळ्यावर अजून होता, खडूनं,
लाभांशाच्या टक्क्याखाली.

यादी उघडली. एकवीस ओळी, एकवीस फोन,
नावं रोमनमध्ये, मधेच कापलेली.
सुगंधाबाई माझ्या खांद्यावरून वाचायला लागल्या :
हा म्हंजे मारुती कुंभार, नंदगडचा, भट्टी बंद केली बगा त्यानं.
हा पोरगा मडगावला असतोय, रात्रीच्या गाडीनं परत गेला.
हा कोण म्हाईत नाही. जेवायला आला असंल.
आणि हा तर माझ्या भावजयीचा.
तिला कशाला पायजे होतं वाय-फाय?

सगळे निघून गेलेले.
जागा मात्र महिनाभर राखून ठेवलेल्या, अदबीनं,
आणि रोज आठ तास इथं बसणाऱ्या चौघांना
उत्तर नाही.

पुसून टाका, गावडे म्हणाले.
मारुती कुंभारावर बोट जरा रेंगाळलं. का ते कळेना.
पुसला.

पत्ते वाढवले दोनशेपर्यंत, मुदत आठ तास,
चौघांना त्यांच्या नावानं कायमची जागा.
पुन्हा हाक.
ही घे. घेऊ ना? घे. लिहिलं.
एवढंच बोलणं, पापणी लवायच्या आत.
प्रिंटर खरडायला लागला, रांग हलली,
इराप्पा टेबलाखालून निघाला, गुडघ्यांवर धूळ.

किती झाले?
पेट्रोलचे द्या, म्हणालो. का ते नाही सांगितलं.
नव्या राऊटरला होतं असं कधी कधी.
सुगंधाबाईंनी माझ्याकडे बघितलं.
त्यांनी नावंच नाही, मुदतीचा रकानाही वाचला होता.

पावती फाडताना त्यांनी विचारलं,
पत्त्यात बेळगाव लिहू का बेळगावी?
कसंही लिहा, पोस्टमन एकच आहे.

निघताना इराप्पाला म्हटलं, फळ्यावरचा पासवर्ड तेवढा पूस.
त्यानं ओला फडका घेतला
आणि लाभांशही पुसला.