कायमचा पत्ता

चाकणच्या ऑफिसात बाईंनी फॉर्म दिला.
एसी इतका की पेन धरून बोटं आखडली.
नाव लिहिलं, दगडू मल्हारी वाघमोडे.
लायसनचा नंबर पाठ आहे, तो लिहिला,
रक्तगट लिहिला,
कायमचा पत्ता या रकान्याशी हात थांबला.

दापोडीची खोली सोडून चार वर्षं झाली.
महिन्यातून तीन रात्री झोपायचो तिथं
आणि भाडं तीस रात्रींचं भरायचो.
कॉट विकली, पंखा विकला,
स्टोव्ह तेवढा सीटमागं आला
आणि लेकीचा फोटो, सहावीतला.
ती आता बार्शीला नांदते.

तेव्हापासून पगाराचं मी नंतर विचारतो.
आधी म्हणतो, गाडी दाखवा.
चपला खाली काढून केबिनमध्ये चढतो,
मागच्या फळीवर आडवा होतो.
मी पाच फूट आठ.
फळी बहुतेक पाच फूट चार.
उरलेले चार इंच कुठं ठेवायचे
हे कंपनीगणिक बदलतं.

ह्यांची फळी लांब आहे, खरं सांगतो.
गादीवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नाही.
काचेच्या वर मात्र एक काळी गोळी,
बोराएवढी, माझ्याकडं तोंड करून.
"डुलकी लागली की आम्हाला लगेच कळतं," बाई म्हणाल्या.
आणि डुलकीचीच वेळ असली तर?
इंजिन बंद, पडदा ओढलेला,
मी उघडाबंब, स्टिअरिंगवर बनियन वाळत घातलेलं?
बाईंनी कॉम्प्युटरकडं पाहिलं.
त्यात ह्याचं उत्तर नसावं.

निगडीला होतो तिथं गाडीच ठरलेली नसायची.
आज ही, परवा ती.
संसार गोणीत भरायचा, गोण खांद्यावर,
ट्रान्सपोर्टनगरच्या चिखलातून पुढच्या नंबरप्लेटकडं.
उशीला दुसऱ्याचं तेल,
दारावर दुसऱ्याच्या पोरीचं नाव,
डॅशबोर्डवर कधी बालाजी, कधी दर्ग्याची चादर.
चढताना सगळ्यांना हात जोडले.
भाडेकरूनं घरमालकाशी वाकडं घेऊ नये.

"घरी जायला रजा किती लागते?" बाईंनी विचारलं.
नाही लागत, म्हणालो.
त्यांचा चेहरा उजळला, आणि मला कळलं,
चुकलो. इथंच आपला भाव पडला.
ज्याला जायला जागा नाही
त्याला दिवाळीत गुवाहाटीला धाडता येतं.

मग सावरून म्हणालो, लागते.
महिन्याला चार दिवस.
"चालेल. तेवढे दिवस गाडी दुसऱ्याला देऊ."
आणि मी?
"तुम्ही घरी."

पेन टेबलावर ठेवलं. उद्या सांगतो म्हणालो.

रिक्षा करून मोशीला गेलो, झुंबरशेठच्या यार्डात.
सात गाड्या, सातही म्हाताऱ्या.
पगार दहाला म्हणतो, म्हणजे वीसला.
डिझेलचा हिशोब पेन्सिलीनं लिहितो, कारण खोडता येतो.
कुंपणाशी एक नळ मात्र आहे, त्याला पहाटे पाणी असतं,
भिंतीत दोन खिळे, दोरी बांधण्याजोगे.
वॉचमन यादव पांढरे बाजरी निवडत बसलेला,
त्यानं न विचारता थोडं सरकून दगडावर जागा केली.

शेठला म्हणालो, पगार राहू द्या, एक सांगा.
रजेवर असलो तर माझी गाडी उभी राहील का?
मी आतच राहीन. कुठं जाणार नाही.
गादी उन्हात टाकीन, डाळ शिजवीन,
दुपारी लोळेन,
फक्त चावी माझ्या खिशात असेल
आणि कुणी हॉर्न मारणार नाही.

शेठनं चष्मा कपाळावर चढवला.
"अरे, माझी गाडी महिन्यातून चार दिवस
बंदच पडते," म्हणाला.
"तेव्हाच घे."

फळीवर चढून पाहिलं.
पाच फूट तीन.
पाय दुमडले, कूस बदलली,
खाली पांढरे बाजरीतले खडे फेकत होता,
एकेक खडा पत्र्यावर वाजत होता.
किती वाजले ते पाहायचं
माझ्या लक्षातच आलं नाही.